नळीची स्वच्छता आणि नेमाची अचूकता

नेमबाजांच्या कोणत्याही मेळाव्यात एक वाद हमखास निघतो. एक पक्ष म्हणतो, बंदूक हे शस्त्र आहे, दसऱ्याला आपण तिची पूजा करतो. तेव्हा वापरून झाल्याबरोबर तिची नळी आरशासारखी लख्ख झालीच पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, चांगली लागू पडलेली नळी घासत बसणे म्हणजे बरोबर वेळ दाखविणारे घड्याळ उगीच खोलून बसण्यासारखे आहे. गंमत अशी की दोन्ही पक्षांत चांगले नेमबाज असतात, आणि दोघेही आपापल्या अनुभवाचाच दाखला देतात. मग यात खरे काय समजावयाचे?

हा वाद हौशी मंडळींचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. २०१० साली म्युनिक येथे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर रायफलच्या प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याच जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक पटकाविले. अशी उदाहरणे डोळ्यांपुढे ठेवून आज कितीतरी मुलेमुली चांदमारीवर जाऊ लागली आहेत, आणि त्यांचे आईबाप पोटाला चिमटा घेऊन रायफल व काडतुसे यांचा खर्च सोसत आहेत. या मुलांच्या हाती पहिल्याच आठवड्यात सळई आणि चिंधी दिली जाते. ती कशी धरावी हे सांगितले जाते. केव्हा वापरावी आणि का, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ते ‘का’ समजून घ्यावे, एवढाच आमच्या आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम नळीचे काम काय ते पाहू. रायफलीच्या नळीत आतल्या बाजूने मळसूत्राप्रमाणे फिरत गेलेल्या उथळ खाचा कोरलेल्या असतात. गोळी नळीच्या आतल्या मापापेक्षा किंचित जाड असते. दारू पेटली की वायूच्या दाबाने ती या खाचांत रुतते आणि स्वतःभोवती गरगरत बाहेर पडते. भोवरा फिरता आहे तोवर कलंडत नाही; त्याच न्यायाने फिरती गोळी हवेत तोंड न फिरविता सरळ जाते. खाचा नसलेल्या नळीतून सैल बसणारी गोळी उडविली तर ती जाताजाता नळीच्या कोणत्या तरी बाजूस घासते, तिला भलत्याच दिशेचा फिरका मिळतो आणि ती वाट सोडते, हे बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४० च्या दशकातच प्रयोगाने दाखवून दिले होते.

आता अचूकता म्हणजे किती, याचा अंदाज घेऊ. ५० मीटरवरील निशाणाचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे असते. त्याच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर सुमारे ५ मिलिमीटर. ५० मीटरशी त्याचे प्रमाण दहा हजारांत एक एवढेच पडते. आणि हे साधावयाचे कशातून? गोळी सुटताना नळी ठोका दिलेल्या पितळी थाळीसारखी थरथरत असते. गोळी नळीतून जाण्यास सेकंदाचे अवघे दोन-तीन सहस्रांश लागतात. पण तेवढ्या वेळातही नळीचे तोंड बारीकसे हलत असते. गोळी नेमक्या कोणत्या क्षणी बाहेर पडते, यावर ती कोठे लागणार हे अंशतः ठरते. नळीच्या आत घर्षण कमीजास्त झाले की दाब बदलतो, दाब बदलला की वेग बदलतो, आणि वेग बदलला की बाहेर पडण्याचा क्षण बदलतो. म्हणून गोळीच्या दृष्टीने नळी लख्ख आहे की मळकट, याला दुय्यम महत्त्व आहे. मागच्या गोळीला नळी जशी लागली तशीच पुढच्या गोळीला लागावी, हे मुख्य होय.

ज्यांनी घरात बिडाचा तवा वापरला आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावयास नको. राखेने घासून अगदी लख्ख केलेल्या तव्यावर पहिले घावन चिकटते, दुसरे फाटते आणि तिसऱ्यापासून सुरेख सुटू लागते. तवा ‘तयार’ झाला असे आपण म्हणतो. त्यावर तेलाचा पातळ थर सर्वत्र सारखा बसलेला असतो. पण तोच तवा महिनोन् महिने न घासता वापरला, तर त्यावर जळकटाचे थर चढतात, आणि मग पुन्हा घावन चिकटू लागते. रायफलीच्या नळीची अवस्था हुबेहूब अशीच आहे. अगदी स्वच्छ नळीतून सुटलेली पहिली गोळी, विशेषतः नळीत तेलाचा अंश राहिला असेल तर, नेहमीच्या जागेपासून दूर पडते. पुढच्या काही गोळ्यांत नळीला ठरावीक लेप बसतो आणि गोळ्या एका ठिकाणी पडू लागतात. हा सुखाचा काळ बराच चालतो. मग मळ वाढत जातो, कोठे जाड कोठे पातळ असा बसतो आणि गोळ्या पुन्हा विखुरतात. वादातले दोन्ही पक्ष एकाच वर्तुळाच्या दोन बाजूंना उभे आहेत, हे येथे ध्यानात येईल. न घासणाऱ्याने पहिल्या गोळीची फजिती पाहिली आहे. घासणाऱ्याने शेवटची विखुरण पाहिली आहे.

हा मळ असतो तरी कशाचा? याचे उत्तर काळाप्रमाणे बदलत आलेले आहे, आणि त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण. त्यात सोरा सुमारे ७५ टक्के. ही दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपानेच उरतो. काही धुरावाटे जातो, उरलेला नळीला चिकटतो. हा मळ हवेतील ओल शोषून घेतो. कोरड्या हवेत तो टणक होतो, दमट हवेत चिकट. तोंडातून ठासणीने भरावयाच्या रायफलीत काही बार झाल्यावर गोळी खाली उतरेनाशी होई. म्हणूनच खाचांची रायफल अधिक अचूक असूनही सैन्यांनी दीर्घकाळ साध्या नळीचीच बंदूक पसंत केली. १८४९ साली मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावाची गोळी पुढे आली. ही नळीपेक्षा बारीक असल्यामुळे मळातूनही सहज खाली उतरे, आणि बार होताच तिचा पोकळ बुडखा फुगून खाचांत बसे.

याच तत्त्वावर १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल निघाली, आणि ती हिंदुस्थानात आली. तिच्या काडतुसाच्या गोळीकडील कागदाला चरबी लावलेली असे. गाईच्या व डुकराच्या चरबीची वार्ता कशी पसरली आणि १८५७ साली तिने कोणता वणवा पेटविला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या उठावाची कारणे अनेक आणि खोल होती. पण काडतुसाला मुळात चरबी लावावी लागलीच का, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. त्याचे उत्तर नळीतल्या मळात आहे. गोळी खाली सरकावी आणि मागच्या बाराचा मळ मऊ राहावा, यासाठी ते वंगण होते. शिपायाच्या धर्मभावनेचा विचार न करणाऱ्या कारभाराने एका साध्या तांत्रिक गरजेतून केवढा अनर्थ ओढवून घेतला, याचे हे उदाहरण होय.

पुढे १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने धूररहित दारू सिद्ध केली, आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याची लेबेल रायफल त्या दारूवर चालू लागली. आता मळ फार कमी राहू लागला. पण या बदलाने एक मौजेची अडचण उभी केली. मेटफर्ड या इंग्रज इंजिनिअरने नळीच्या खाचा मुद्दाम उथळ व गोलसर कडांच्या केल्या होत्या. हेतू हा की काळ्या दारूचा मळ कोपऱ्यांत साचू नये. त्याच नळीत कॉर्डाइट नावाची नवी, अतिशय तप्त जळणारी दारू वापरताच त्या उथळ खाचा झपाट्याने झिजू लागल्या. तेव्हा १८९५ साली अधिक खोल खाचांची नळी आली, आणि ली-मेटफर्डची ली-एन्फील्ड झाली. आपल्याकडे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून जी रायफल पिढ्यान् पिढ्या पोलिसांच्या खांद्यावर दिसली, तिचे हे कूळ.

वेग वाढल्यामुळे नुसत्या शिशाची गोळी खाचांत टिकेना. म्हणून तिला कठीण धातूचे कवच आले. तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचे कवच नळीत गाठी धरून बसे, आणि ते काढण्यासाठी अमोनियाचे तीव्र द्रावण नळीत भरावे लागे. पुढे तांब्यात थोडे जस्त मिसळलेले कवच प्रचारात आले आणि गाठी गेल्या. पण तांब्याचा पातळ मुलामा आजही नळीला चढतो.

याहून फसवा शत्रू काडतुसाच्या टोपीत लपलेला होता. जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते. हे घरच्या मिठाचेच भावंड. हवेतील ओल ओढून पोलादाला गंज चढविणारे. नळी पुसून तेल लावून ठेवली तरी दुसऱ्या दिवशी ती तांबूस दिसे, आणि पुष्कळांना वाटे की दारूचे आम्ल पोलादात मुरून नंतर पाझरते. १९२२ साली हफ या अमेरिकन रसायनज्ञाने दोष या मिठाचा आहे हे सिद्ध केले. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणूनच इंग्रजी सैन्यातील शिपाई नळीत चाडी लावून उकळते पाणी ओतीत. त्यांची ती रीत अडाणीपणाची नसून शास्त्रशुद्धच होती. आजच्या बहुतेक टोप्यांत क्लोरेट नसते. परंतु जुना लष्करी साठा वापरणाऱ्याने हा धडा विसरू नये. खड्डे पडलेली नळी कितीही घासली तरी पूर्ववत होत नाही.

आता आपल्या मुलांच्या हातातील .२२ च्या रायफलीकडे येऊ. हिची गोळी शिशाची, कवच नसलेली, आणि वरून मेणासारखे वंगण लावलेली असते. तिचा वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. इतक्या मंद वेगाला तांब्याचा प्रश्नच नाही. उलट प्रत्येक गोळी आपल्या वंगणाचा पातळ थर नळीला देत जाते, आणि हाच तो तव्याचा लेप. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, काडतुसाचा प्रकार बदलला की वंगण बदलते. जुना लेप जाऊन नवा बसेपर्यंत काही गोळ्या भरकटतात, आणि नेमबाज उगीच नव्या काडतुसाला दोष देतो. दुसरी, या नळीतील खरा उपद्रव गोळी जेथून खाचांत शिरते त्या जागी होतो. तेथे काजळीचे एक कडे हळूहळू जमते, ते भाजलेल्या मातीसारखे टणक होते, आणि प्रत्येक गोळी त्याच्यातून ओरबाडून निघते. अशा नळीच्या तोंडाकडचा भाग दोनदा चिंधी फिरवून चकचकीत दिसतो, पण कडे जागच्या जागीच असते. ‘आम्ही रोज साफ करतो, तरी गुण घसरतात’ अशी तक्रार करणाऱ्यांच्या नळीत हे कडे अनेकदा सापडते.

येथवर मळाने होणारे नुकसान पाहिले. आता साफसफाईने होणारे नुकसान पाहू. कारण हयगयीने मळलेली नळी पुन्हा साफ करता येते, पण हयगयीने घासलेली नळी कायमची जाते. गोळीचा नळीशी शेवटचा स्पर्श तोंडाच्या कडेला होतो. ही कड सर्व बाजूंनी अगदी सारखी असेल तरच मागून येणारा वायू गोळीभोवती सारखा सुटतो. कड एका बाजूस जरा झिजली, तर वायू त्या बाजूने आधी निसटून गोळीला धक्का देतो. तोंडाकडून सळई घालणारा, आणि तीही सांध्यांची व ग्रिट चिकटलेली, ही कड थोडी थोडी कापीत असतो. यास्तव जेथे रायफलीची रचना तशी असेल तेथे सळई नेहमी मागच्या बाजूने घालावी, ती एकसंध असावी, तिला मध्ये धरून ठेवणारी मार्गदर्शक नळी वापरावी, आणि प्रत्येक फेरीनंतर सळई पुसावी. कुंचला पितळी किंवा काशाचा असावा. तो नळीच्या मध्येच उलट फिरवू नये, आरपार न्यावा.

आणखी एक फसगत सांगण्यासारखी आहे. तांबे काढणाऱ्या अमोनियायुक्त द्रावणाने चिंधी निळी होते, आणि ती पांढरी येईपर्यंत घासावे असे शिकविले जाते. पण चिंधी धरणारे टोक पितळी असेल, तर नळीत तांबे नसतानाही त्या टोकामुळेच चिंधी निळी येईल. बिचारा नेमबाज रात्री उशिरापर्यंत नळीऐवजी आपल्या सळईचे टोकच धूत बसतो!

तेलाविषयीही सावध असावे. साठवणीसाठी नळीला तेल हवेच. कोकणच्या पावसाळ्यात तर ते नसून चालणार नाही. परंतु उडविण्यापूर्वी ते कोरड्या चिंधीने पुसून काढलेच पाहिजे. नळीत राहिलेले तेल दाब वाढविते. आणि विसरलेली चिंधी किंवा तुटलेला कुंचला आत राहिला, तर नळी फुगते, प्रसंगी फुटते. शेताच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्यांना तर काळ्या दारूचाच मळ असतो. त्यांनी त्याच दिवशी पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मगच तेल द्यावे. आणि या सर्वांच्या आधी बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी व बोटाने तपासावे. ‘साफ करताना गोळी सुटली’ ही बातमी आपण वृत्तपत्रांत वाचतो, तेव्हा तेथे हा एक क्षण चुकलेला असतो.

मग नळी साफ केव्हा करावी? आकडा सांगा, असा आग्रह होतो. सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही; पण आपल्या रायफलीचा आकडा शोधण्याची रीत आहे. एकाच रायफलीतून, एकाच पेटीच्या काडतुसांनी, वारा पडलेल्या सकाळी पाच-पाच गोळ्यांचे गट उडवावे. साफ केल्यापासून कितवी गोळी कोठे लागली हे वहीत टिपावे. एका गटावरून मात्र काहीच ठरवू नये. नळीत कसलाही बदल न होता उडविलेल्या दहा गटांत सर्वांत मोठा गट लहानाच्या दुप्पट निघाला, तर त्यात नवल नाही. तो निव्वळ योगायोगाचा खेळ असतो. पुष्कळांचा अनुभव येथेच फसतो. एक वाईट गट पडला, नळी घासली, पुढचा गट चांगला पडला, आणि घासण्याचा गुण आला असे वाटले. न घासताही पुढचा गट बहुधा सुधारलाच असता. तेव्हा साफ केल्यानंतरचे आणि न साफ केलेल्या नळीचे निदान पाच-पाच गट, आणि तेही आलटूनपालटून वेगवेगळ्या दिवशी घेतल्यावाचून कौल देऊ नये. अशा वहीतून दोन आकडे हाती येतात: नळी ‘तयार’ होण्यास किती गोळ्या लागतात, आणि विखुरण कितव्या गोळीनंतर सुरू होते. या दोन आकड्यांच्या मधला काळ स्पर्धेच्या वाट्याला यावा, अशी आखणी करावयाची.

५० मीटरच्या स्पर्धेत आरंभी तयारीचा वेळ मिळतो आणि त्यात चाचणीच्या गोळ्या हव्या तेवढ्या उडविता येतात. म्हणून स्पर्धकाला पहिल्या गोळीचे भय नाही; मात्र त्या गोळ्या नळी तयार करण्यासाठीही आहेत हे त्याने विसरू नये. पोलीस दलातील नेमबाजाची स्थिती निराळी. त्याला चाचणीची गोळी नाही. थंड नळीतून सुटणारी पहिलीच गोळी कोणाचा तरी जीव वाचविणार किंवा घेणार असते. म्हणून असे नेमबाज थंड नळीची पहिली गोळी कोठे लागते याची वेगळी नोंद ठेवतात, आणि कामगिरीच्या आदल्या दिवशी नळी घासून नवीन अनिश्चितता ओढवून घेत नाहीत.

तात्पर्य, वादातील दोन्ही पक्षांना आमचे सांगणे एकच आहे. गंज आणि साचलेले कडे यांना क्षमा नाही. तेवढ्यापुरता पहिला पक्ष बरोबर. निष्कारण घासणे हेही नळीचे आयुष्य कमी करते. तेवढ्यापुरता दुसरा पक्ष बरोबर. पण चिंधी हाती घेण्यापूर्वी दोघांनीही वही हाती घ्यावी. मुलाला रायफल घेऊन देणाऱ्या पालकांनी तिच्याबरोबर सळई, चिंधी आणि तेलाची कुपी घेतातच. त्यात शंभर पानांची एक वही घालावी. त्या खरेदीतील ती सर्वांत स्वस्त वस्तू असेल, आणि गुण का घसरले हे शेवटी तीच सांगेल.